कंबर कशी धरावी

कंबर धरणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. त्याला साधना लागते. पुण्यात राहणाऱ्याला मात्र ती घरबसल्या करता येते, आणि घराबाहेर पडलात तर फळ लवकर मिळतं. रस्ते सगळी मदत करतात.

सुरुवात मानेपासून करू. डोळे उघडल्या उघडल्या उशी दुमडून मानेखाली घ्या आणि मोबाइल छातीवर धरा. माणसाचं डोकं भरतं साधारण ५ किलो. मान सरळ असली तर ते मणक्यांवर गुमान बसून राहतं. पण मान ६० अंश खाली घातलीत की तिच्यावरचा ताण २७ किलोच्या घरात जातो, असा हिशेब २०१४ साली एका शल्यविशारदाने मांडला. म्हणजे जवळजवळ भरलेला सिलिंडर. नातेवाइकांच्या ग्रुपवरची सुप्रभातं वाचायला मानेवर सिलिंडर, ही काय थोडी निष्ठा झाली?

सिलिंडरचा विषय निघालाच आहे, तर तो उचलायचा कसा हेही सांगतो. डिलिव्हरीवाला दारात ठेवून गेला की त्यापासून हातभर लांब उभे राहा. गुडघे ताठ. आपण कुणापुढे वाकत नाही, तर सिलिंडरपुढे गुडघे का टेकायचे? थेट कंबरेतून वाका, श्वास रोखा, एका झटक्यात उचला आणि पाय जागेवर ठेवून नुसती कंबर पिळत स्वयंपाकघराकडे वळा. वाकणं आणि पिळणं एकदम केलं की मणक्यांमधल्या गादीला आपण कुणाच्या घरात आहोत ते नीट कळतं. शेजारचे काका खाली बसतात, सिलिंडर पोटाशी धरतात आणि पायांच्या जोरावर उठतात. शिवाय बहुतेक वेळा उचलतही नाहीत, कडेवर तिरका करून गोल गोल फिरवत नेतात. बघवत नाही. त्यांची कंबर अजून शाबूत आहे, बिचारे.

मंडईत गेलात तर चार किलो बटाटे, दोन किलो कांदे आणि कलिंगड एकाच पिशवीत, एकाच हातात. दोन पिशव्यांत निम्मं निम्मं वाटून घेणं म्हणजे कमकुवतपणा. परतताना स्कूटरवर फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात अडकवा आणि तिरक्या मानेने गतिरोधकावर या. हिंजवडीच्या मंडळींना वेगळं शिकवायला नको. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दीड तास ट्रॅफिक, मग आठ तास खुर्चीत अर्धचंद्राकृती. दर अर्ध्या तासाने उठून दोन पावलं टाकणारा सहकारी दिसला तर त्याला कामं कमी असणार, हे ओळखून असा.

एवढं करून दुखणं आलं की दोन आठवडे अंथरुणाला खिळा. हल्लीचे डॉक्टर म्हणतात की एक-दोन दिवसांहून जास्त पडून राहू नका, जमेल तसं हिंडा, गरम पाण्याची पिशवी घ्या, बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. पण मग भेटायला येणाऱ्यांचं काय? त्यांना दाखवायला एमआरआय हवाच. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, त्यामुळे पैसे वाया जायची भीती नाही. (थट्टा क्षणभर बाजूला. पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला असेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, तरी घरी थांबू नका.)

आता माझंच सांगतो. वीस वर्षं सिलिंडर, बटाटे, गतिरोधक सगळं इमानेइतबारे केलं. कंबर धरली ती बेसिनवर वाकून दात घासताना आलेल्या एका शिंकेने. तोंडात ब्रश, एक हात नळावर, हनुवटीवरून फेस ओघळतोय आणि सरळ होता येत नाही. "अगं" म्हणून ओरडलो. ते "गळगळ" असं ऐकू गेलं आणि बायकोला वाटलं, मी गुळण्या करतोय. दहा मिनिटांनी ती पाणी वाया घालवतोय म्हणून ओरडायला आली, तेव्हा उलगडा झाला.

मावशी म्हणाली, उसण भरली आहे, पायाळू माणसाची लाथ बसली की लगेच उतरते. सोसायटीत जन्माला येताना पाय आधी आलेले एकच गृहस्थ, तिसऱ्या मजल्यावरचे. त्यांना बोलावलं. ते कुबडीवर आले. उजवा पाय प्लास्टरमध्ये.

"डावा चालेल का?" त्यांनी अदबीने विचारलं.

शास्त्रात काय सांगितलंय यावर अर्धा तास चर्चा झाली. मध्ये चहाही झाला. तेवढा वेळ मी नळ धरूनच होतो.