मिठात ना धातू, ना विषारी वायू

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन हा महायुद्धातला विषारी वायू. मीठ म्हणजे दोघांचं निम्मं-निम्मं मिश्रण. पाण्यात विरघळलं की दोन्ही सुटे होतात. मीठ सोडा, सैंधव खा.'

सोडियम पेटतो हे खरं. १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडला गेला, हेही खरं. पण मीठ मिश्रण नाही, संयुग आहे, म्हणजे अणू जोडले जाऊन बनलेला वेगळाच पदार्थ. सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनच्या कवचात सात. सोडियम आपला एक देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं. सोडियमचा धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेला अणू होतो, क्लोरीनचा ऋण. त्यांच्या परस्पर ओढीतून मिठाचा खडा बनतो. सोडियम पाण्यात भडकतो तो त्या एका इलेक्ट्रॉनपायी. तो देऊन टाकल्यावर भडकायला काही उरतच नाही.

विरघळल्यावर सुटे होतात ते हे आयन. चौपाटीसमोरच्या समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात बहुतांश मीठच. त्यातून क्लोरीन वायू सुटत असता तर बोंबील-पापलेट जगले असते का? भांडुपच्या केंद्रात आपलं पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरीन निराळा. जंतू तो मारतो, मिठातला क्लोराइड, म्हणजे क्लोरीनचा ऋण आयन, नाही.

'निम्मं-निम्मं' हेही चूक. मिठाच्या NaCl या सूत्रातलं एकास एक प्रमाण अणूंच्या संख्येचं असतं, वजनाचं नव्हे. सोडियमचं अणुवस्तुमान २३, क्लोरीनचं ३५.५, म्हणून वजनात सोडियम सुमारे ३९ टक्के भरतो. आणि एकास एक का, तर दोघांचीही संयुजा, म्हणजे देण्या-घेण्याच्या इलेक्ट्रॉनांची संख्या, एक. मॅग्नेशियमची संयुजा दोन, त्याला दोन क्लोरीन लागतात. त्याच्या MgCl₂ या सूत्रात क्लोरीनच्या पायाशी २ लिहितात तो त्यासाठी. हे मॅग्नेशियम क्लोराइड घरातही भेटतं. मिठागरातल्या खड्या मिठात ते थोडं राहून जातं, हवेतली ओल ओढतं आणि जुलैत बरणीत पाणी सुटतं.

सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. मिठाची खरी काळजी रक्तदाबाची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि त्या मापात सैंधवही धरायचं. त्यात वरून आयोडीन घातलेलं असेलच असं नाही, म्हणून घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.