जात कुठली?

रविवारी सकाळी साडेदहाला, विश्रामबागेत चिकनच्या दुकानापुढे, वीस-बावीस माणसांच्या देखत, एका अनोळखी गृहस्थाने मला विचारलं, "जात कुठली?"

सांगलीत हा प्रश्न असा तोंडावर कुणी विचारत नाही. आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर मामाचं गाव. त्यामुळे मी चमकलोच.

झालं होतं इतकंच, की पुण्याहून आलेल्या आमच्या चिरंजिवांना 'श्रेडेड चिकन' हवं होतं. "म्हणजे पिंजलेलं, पप्पा." आमच्याकडे पिंजतात तो कापूस. पण ही तासगावला माहेरी गेलेली, तेव्हा पिशवी घेऊन मीच निघालो आणि रांगेत सातवा उभा राहिलो. तिथूनच सांगून ठेवलं, "अर्धा किलो बोनलेस, फक्त छातीचं. तुकडे नकोत, अख्खं ठेवा. मसाला नाही लावायचा, नुसतं उकडायचंय." शेवटचं वाक्य अनाठायी होतं, हे मला आता कळतंय.

मागच्या गृहस्थांनी हेल्मेटची काच वर केली. हेल्मेट काढलं नाही, शेवटपर्यंत काढलं नाही.

"जात कुठली?"

"कुणाची?"

"कुत्र्याची वो. लॅब का जर्मन?"

"कुत्रं नाहीये आमच्याकडे. मुलासाठी आहे."

"आजारी हाय?"

"नाही हो, जिमला जातो."

ते मायेनं हसले. "आमची मिसेसबी टायगरला पोरगंच म्हणती. त्यात लाजायचं काय, पावणं?"

यावर काय बोलणार? मी पुढे बघू लागलो. पण टायगरच्या वडिलांना आता कुणी अडवू शकत नव्हतं. "कांदा-लसूण अजिबात घालू नका, त्येंना बाधतं. शिजवलेलं हाड तर कधीच द्यायचं न्हाई, फुटून घशात अडकतंय. भातात कालवा आनि गार करून ठेवा." हे सगळं खरं आहे, मी नंतर एका डॉक्टर मित्राला विचारलं. (जनावरांचा डॉक्टर. त्यानेही विचारलं, "कुत्रं कधी घेतलंस?")

"दिवसभर झोपतंय का?"

आता खोटं कशाला बोलू? "झोपतो."

"केस गळत्यात?"

"गळतात. बाथरूमची जाळी तुंबलीय."

"हाक मारली तर येतंय?"

"नाही येत."

"लाडावलंय," ते म्हणाले, आणि पुढचे दोघे-तिघे मागे वळून माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागले. "जंताचं औषध कधी दिलंवतं?"

शेवटचं दिलं ते चौथीत असताना. तेवढं मात्र मी सांगितलं नाही.

इथपर्यंत मी हसून घेतलं असतं. पण एवढ्यात माझा नंबर आला आणि दुकानदार हातातला सुरा पुसत म्हणाला, "सर, तुमचं कुत्र्याचं हाय न्हवं? जरा कडेला थांबा, आधी मान्सांचं देतो." हे मला लागलं. अजून लागतंय. सातवा असलेला मी, एक किलो तंगडीवाले, दोन किलो रश्शाचे कट, कलेजी-पोटा वेगळं, अशी सगळी माणसांची मंडळी उरकेपर्यंत चाळीस मिनिटं कडेला उभा होतो. पैसे मात्र माणसाच्या भावानेच घेतले. माणूस काय खातो, कशाला खातो, कुणासाठी नेतो, ही चौकशी कशासाठी? औषधाच्या दुकानात तेच, सलूनमध्ये तेच. परवा दोन लिंबं घेतली तर भाजीवाली म्हणाली, "गाडीला बांधायला का?"

घरी येऊन पिशवी उघडली तर बोनलेसखाली सहा पंजे आणि चार माना. फुकट. टायगरच्या भाऊबंदासाठी.

पिंजण्याचं म्हणाल तर ते सोपं आहे, असं ज्यांच्या घरी दोन धड काटे आहेत ते म्हणतात. आमच्याकडे लग्नात आलेल्या सेटमधला एकच उरलाय आणि त्याचा एक दात वाकडा. चिरंजिवांनी पलंगावरूनच सूचना दिल्या. पाणी खळखळू द्यायचं नाही, मंद आचेवर वीस मिनिटं, आतपर्यंत 74 अंश झालं की बंद, मग दहा मिनिटं त्याच पाण्यात. कुकर लावायचा नाही, छातीच्या मांसाला चरबी नसते, त्याचा दोरखंड होतो. आणि हळद नको, सँडविच पिवळं दिसतं.

हळद नको! ज्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिला सांगलीतल्याच पातेल्यात बंदी. आमच्या लहानपणी आई हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोंबडी शिजवायची आणि तिखट घालायच्या आधी आम्हा पोरांना वाटीत काढून द्यायची. त्याला अळणी म्हणायचे, मीठ असूनसुद्धा. त्या अळणीपायी आम्ही भावंडं भांडलोय. ती कोंबडी गावरान होती, दोन-दोन तास शिजायची. हे ब्रॉयलर म्हणजे सहा आठवड्यांचं पोर. पण त्या वाटीकडे बघून कुणी "जात कुठली" विचारलं नव्हतं.

पिंजायचं ते गरम असतानाच, गार झालं की धागे नीट सुटत नाहीत. मग काट्याने धरलं आणि दुसऱ्या हाताने ओढलं. बोटं पोळली, वाफेनं चष्मा धुरकटला, आणि निम्म्यावर कंटाळून उरलेलं मिक्सरला लावलं. एकदा फिरवलं तर झकास धागे. माणसाने तिथेच थांबावं. मी अजून दोनदा फिरवलं आणि चिकनची चटणी झाली.

चिरंजिवांनी धागे खाल्ले, चटणी खाल्ली, मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "मीठ कमी आहे." त्या पंजांचा आणि मानांचा मी गुपचूप रस्सा केला, हळद, कांदा, लसूण सगळं घालून. तोही त्यांनीच संपवला. मला पंजे उरले.

संध्याकाळी त्याला एसटी स्टँडवर सोडायला निघालो, तर पुष्पराज चौकातल्या गर्दीत अडकलो. शेजारच्या गाडीवरच्या हेल्मेटची काच वर झाली.

"काय पावणं! दिलं का जंताचं औषध?"

"दिलं," मी म्हणालो.

मागे बसलेल्या मुलाने विचारलं, "कुणाला?"