होनिंग, रिंगा आणि ‘शोरूमगिरी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘चकचकीत सिलिंडर फेकून इटलीहून नवा संच मागवणं म्हणजे शोरूमगिरी. माझ्या बुलेटचा ब्लॉक मेस्त्रीने होनिंग करून, पिस्टनला रिंगा टाकून दिला. मीही मोटो गुझ्झी 850 घेतोय, तेच करणार,’ असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत; मोटो गुझ्झी या इटालियन मोटारसायकलीचे जुने सिलिंडर घासण्यापेक्षा बदला, असं मी त्यात म्हटलं होतं. मतभेद असू देत की! पण शोरूमगिरी? बरीच वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाशी बोलायची ही रीत नव्हे. संचाची किंमत लेखात द्यायला हवी होती, एवढं मान्य.

आता होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासणं. बुलेटचा ब्लॉक बिडाचा. घासला, बोअर (आतला व्यास) वाढवला तरी खाली बीडच लागतं, ओव्हरसाइज पिस्टन बसतो. 1972 च्या 850 जीटीचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे, आत फक्त कठीण क्रोमचा पातळ थर. ओव्हरसाइज बोअर केलात की थर गेलाच, खाली मऊ ॲल्युमिनियम. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की दमट हवा थराच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि क्रोमचा पापुद्रा सुटतो. त्यावर होनिंगचा दगड फिरवलात तर कडा आणखी तुटणार. शिवाय क्रोमवर क्रोमच्या रिंगा चालत नाहीत, हे तुमच्या मेस्त्रीला ठाऊक आहे ना?

आणि ती कपची जाते कुठे? ऑइलमध्ये. या इंजिनात बदलायचा फिल्टर नाही, पंपाच्या तोंडाशी नुसती जाळी. फिल्टर आला तो 1975 च्या टी-3 पासून. बारीक भुगा जाळीतून पार होतो, कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगच्या मऊ अस्तरात (शेलमध्ये) रुततो आणि क्रँक चरे पडून जाते. क्रोम लोहचुंबकालाही चिकटत नाही, तेव्हा चुंबकाच्या ड्रेन प्लगवर (ऑइल काढायच्या बुचावर) भिस्त ठेवू नका. म्हणून 83 मिमी बोअरचा, जिलार्दोनी कंपनीचा निकासिल (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर) संच: सिलिंडर, पिस्टन, रिंगा सगळं जोडीनं येतं. आत लोखंडी स्लीव्ह (नळी) घालता येते, पण लेथवाला तसा हवा.



गाडी घेण्याआधी हेड उतरवून बोअर भिंगाने बघा. टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा सुटलेली कड दिसली, तर स्टार्टर मारू नका. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून जाळी तपासा, क्रँकपिनच्या आतला गाळाचा कप्पा बूच काढून साफ करा, मगच तीन लिटर नवं ऑइल ओता.