शौकीन मित्राला विचारून जुनी गाडी घेऊ नका

नाशकात सेकंड हँड गाडी बघायला गेलात की ‘डॉक्टरांची गाडी आहे, फर्स्ट ओनर, एमएच १५ पासिंग’ हे ऐकावं लागतंच. अर्धे लोक तेवढ्यावर टोकन देऊन मोकळे होतात. उरलेले गाड्यांच्या नादी असलेल्या मित्राला सोबत नेतात. माझा खरा आक्षेप या मित्रावर आहे.

त्याला इंजिनाचा बदललेला आवाज लगेच कळतो, आणि पार्ट यायला पंधरा दिवस लागले तरी तो थांबतो (घरात दुसरी गाडी असते, हे सांगत नाही). आपण पेट्रोल भरतो, रविवारी गाडी धुतो, आणि डॅशबोर्डवर दिवा लागला तर ‘बघू सर्व्हिसिंगला’ म्हणतो. आपल्याला भरवशाची गाडी म्हणजे सातपूरच्या साध्या गॅरेजवाल्याने सकाळी घेऊन संध्याकाळी परत दिली अशी.

फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन घ्या. मारुतीने ते स्विफ्ट-डिझायरला लावलं, टाटांनी व्हिस्टाला. टॅक्सीवाल्यांनी ते पिळून काढलं, म्हणून ते उघडणारा मेकॅनिक गावोगाव सापडतो. तेच इंजिन फियाटच्या लिनियात. चालवायला लिनिया सरस, मला विचाराल तर फारच सरस. पण फियाटने इथली विक्री बंद करून वर्षं झाली. इंजिनाचं काम कोणीही करेल, हेडलाइट फुटला की मात्र शोधाशोध. मित्र लिनिया सांगेल, तुम्ही डिझायर घ्या.

दुसरं, बीएस६ डिझेल, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या गाड्या. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत सहसा डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर. गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळून तापली की ती काजळी जळून जाते. घर, शाळा, कॉलेज रोड एवढंच फिरणाऱ्याची गाडी पुरेशी तापतच नाही. फिल्टर तुंबतो, पिकअप जातो, आणि खर्च ऐकून आपण खाली बसतो. दर आठवड्याला पुणे गाठणाऱ्याला हीच गाडी उत्तम. म्हणून आधीच्या मालकाला किलोमीटरसोबत गाडी कुठे फिरली तेही विचारा.

मीटरवर तर माझा विश्वासच नाही. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटर वीस हजार दाखवतोय आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे, तर काय ते समजा. सकाळी पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच सुरू करून ठेवलेली आहे, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना काय कुरकुर करतं ते तुम्हाला कळू नये. नांदुरीहून सप्तशृंगीचा घाट चढवता आला तर उत्तमच, पण तेवढं कोण जाऊ देतंय! निदान एसी लावून, चार माणसं बसवून अर्धा तास फिरवा.

आणि हे सगळं नंतर. आधी स्पेअर पार्टच्या दुकानात फोन करून त्या मॉडेलचा क्लच सेट, हेडलाइट आणि रेडिएटर यांचा भाव विचारा. तिन्हींना ‘मागवावं लागेल’ असं उत्तर आलं तर गाडी बघायला जाऊच नका, फोटोत कितीही चकाचक दिसो.