पायगुण

रविवारी संध्याकाळी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो पडला. डोक्यावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाची काळी-केशरी टोपी, हातात लसूणवाल्या फ्राइजचा द्रोण, आणि खाली ओळ : 'अखेर शुद्धीवर आले!' तेव्हापासून अंगठे आणि नमस्कार थांबायला तयार नाहीत. मुंजीतसुद्धा माझं इतकं अभिनंदन झालं नव्हतं.

तर खुलासा. ती टोपी माझी नाही. मंडळाने जायंट्सच्या मॅचची सहल काढली, बायकोने माझं नाव परस्पर दिलं, आणि मी माझ्या संघाची, म्हणजे खाडीपलीकडच्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सची, हिरवी टोपी घालून गेलो. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग फ्राइजच्या रांगेत मंडळातले काका भेटले.

"अजून तीच टोपी? ओकलंड सोडून गेला ना तुमचा संघ?"

"गेला."

"कधी?"

"चोवीसच्या सप्टेंबरात शेवटची मॅच झाली."

"म्हणजे वर्षश्राद्धही होऊन गेलं की हो! सुतक किती दिवस पाळायचं?" असं म्हणून त्यांनी माझी टोपी उचलली, स्वतःची माझ्या डोक्यावर दाबली आणि काकूंना म्हणाले, "काढ गं फोटो." काकूंचा फोन तयारच होता. या बाईंना एरवी झूम कॉलवर माइक चालू करायला दहा मिनिटं लागतात.

काकांबद्दल सांगायला हवं. हे गृहस्थ २००४ साली नोकरीनिमित्त बॉस्टनला आले. त्याच वर्षी तिथल्या रेड सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, ८६ वर्षांनी! काकांना वाटलं, इथे हे दरवर्षीच होतं. २००७ला पुन्हा जिंकली, त्यामुळे समजूत पक्की झाली. मग बदली न्यू जर्सीला. बॉस्टनचा माणूस न्यूयॉर्कच्या यँकीजच्या नावाने आंघोळ करतो, पण काकांनी दसऱ्याला टोपी बदलली आणि २००९ला यँकीज जिंकले. २०१०ला इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, बे एरियात, घर घेतलं, तर जायंट्स! २०१०, २०१२, २०१४. आता मुलगा लॉस एंजेलिसला आहे, म्हणजे जायंट्सचे जुने वैरी डॉजर्स : २०२४ आणि २०२५. डॉजर्सची निळी टोपी काकांच्या गाडीच्या डिकीत असते, 'अडीअडचणीला'. जायंट्सच्या पार्किंगमध्ये निळी टोपी बाळगणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. काकांना सांगितलं तरी कळत नाही.

"ह्यांचा पायगुणच तसा आहे," काकू म्हणाल्या. काकांनी नम्रपणे फ्राय उचलला. "संघ हा कर्मभूमीचा असतो," ते म्हणाले. "तुम्ही कसे काय त्या ओकलंडच्या नादाला लागलात?"

खरं सांगायचं तर स्वस्ताईने. मी २००१ला फ्रिमॉंटला आलो तेव्हा जायंट्सचं नवंकोरं मैदान खाडीच्या काठावर होतं, आणि तिकिटाचा आकडा बघून घरी फोन करावासा वाटे. ओकलंडचं मैदान, कोलिझियम, मात्र बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनला लागूनच. पुलावरून चालत गेलं की समोर काँक्रीटचा अजस्र हंडा. २००२च्या सप्टेंबरात सलग विसाव्या विजयाच्या रात्री मी तिथे अगदी वर बसलो होतो. ११-० अशी आघाडी होती. ती ११-११ वर आणून ठेवली आमच्या लोकांनी! मग नवव्या डावात आमच्या हॅटबर्गने चेंडू मैदानाबाहेर टोलवून मॅच जिंकून दिली आणि शेजारच्या अनोळखी ट्रकवाल्याने मला उचललं. इतक्या उंचीवरून कुणी उचलल्यावर माणूस संघ बदलत नाही.

पुढे त्याच मैदानात ड्रेसिंग रूममध्ये सांडपाणी तुंबलं, आम्ही तरी गेलो. खेळाडू जरा चमकू लागला की विकला, आम्ही तरी गेलो. आणि मग म्हणाले, प्रेक्षक येत नाहीत. हे मात्र मला अजून पचलेलं नाही. दुकानातला माल तुम्हीच उचलून बाहेर टाकायचा, आणि गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून गाव सोडायचं? तसा हा संघ मुळातच फिरतीवरचा : फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, १९६८पासून ओकलंड. आता सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात मुक्काम, २०२८ला लास व्हेगास म्हणतात. सध्या नावापुढे गावसुद्धा लावत नाहीत. लावणार तरी कुठल्या तोंडाने!

हे सगळं मी काकांना ऐकवलं. बरंच मोठ्या आवाजात असावं, कारण रांगेतला एक गोरा सुरक्षित अंतरावर सरकला. काका मात्र विचारात पडले होते.

"तुम्ही मूळचे पुण्याचे ना? आयपीएलमध्ये कोण तुमचं?"

"पुणे वॉरियर्स."

"ते २०१३ला बंद पडले."

"मग रायझिंग पुणे सुपरजायंट."

"ते तर दोनच वर्षं होते! आणि २०१७ची फायनल..."

"एका धावेने हरले," मी म्हणालो. "मुंबईकडून."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आणि ओकलंड शेवटचं कधी जिंकलं?"

"१९८९. मी यायच्या आधी."

"म्हणजे तुम्ही आल्यापासून एकदाही नाही!"

काकांनी हळूच, पण ठामपणे, माझ्या डोक्यावरची जायंट्सची टोपी काढून घेतली. रुमालाने आतून पुसली. माझी हिरवी टोपी मला परत मिळाली, फोटो मात्र तोपर्यंत अडीचशे घरांत पोचला होता.

जागेवर येऊन बसलो तर मॅट चॅपमन बॅटिंगला येत होता. हा आमचा जुना खेळाडू. २०२२ला विकलेला, आता जायंट्सच्या कपड्यांत. त्याला बघून माझे हात आपोआप वर गेले.

"टाळ्या नका वाजवू!" काका ओरडले.

मी वाजवल्या. चॅपमन तीन चेंडूंत बाद.

काकांनी बाकरवडीचा डबा उचलला, काकूंना उठवलं आणि दोन रांगा मागे जाऊन बसले. सातव्या डावात मात्र स्वतःहून खाली आले, बाकरवडी पुढे केली आणि कानाशी लागले.

"पुढच्या वेळी डॉजर्स येतील तेव्हा नक्की या. निळी टोपी मी देतो, तुम्ही फक्त घाला."