हवा काढली तर वस्तू पडणार नाहीत, म्हणता?

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तो सुरू झाला की आठवड्याभरात कोणीतरी तो फॉरवर्ड माझ्यापुढं धरतंच. पालकांच्या ग्रुपवरून आलेला, खाली ‘जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा’ अशी तळटीप. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुरुत्वाकर्षण नावाची वेगळी ओढ नाहीच. हवा वरून दाबते म्हणून वस्तू खाली पडतात. शंभर किलोमीटरवर हवा संपते, तिथं ओढही संपते, म्हणून अंतराळवीर तरंगतात. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथं माणसं उड्या मारतात. रॉकेट हवेला रेटून वर जातं आणि हवेबाहेर पडलं की इंजिन बंद केलं तरी जात राहतं, कारण मागं ओढणारं काही उरत नाही. पृथ्वी खरंच ओढत असती तर जड वस्तू आधी पडली असती. आणि शेवटी खास पुणेकरांसाठी: सिंहगडावर हलकं वाटतं, कारण तिथली हवा विरळ.

हे सगळं चूक आहे, पण लिहिणारा अगदीच बेअक्कल नाही. अंतराळवीर तरंगतात हे खरं, चंद्रावर माणसं उड्या मारत होती हेही खरं. सिंहगडावर हवा विरळ असते हेसुद्धा खरं. गडबड होते ती प्रत्येक वेळी ‘म्हणून’च्या पुढं.

अंतराळवीरांपासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. फॉरवर्डमध्ये राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला या दोघांचे तरंगतानाचे फोटो आहेत. दोघंही खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, शिकलेले, त्यामुळं पुण्यात हे फोटो जरा जास्तच प्रेमानं पुढं पाठवले जातात. शर्मा १९८४ साली सोव्हिएत सॅल्यूट-७ स्थानकावर गेले, शुक्ला २०२५ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर. आता ते फोटो नीट बघा. स्थानकात तरंगताना डोक्यावर हेल्मेट नाही, नाकाला नळी नाही. म्हणजे माणूस श्वास घेतोय, म्हणजे आत हवा आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकात हवेचा दाब साधारण समुद्रसपाटीवर असतो तेवढा ठेवतात. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळं इथला दाब त्याहून कमीच भरतो. फॉरवर्डच्या हिशेबानं शुक्लांचं वजन पुण्यापेक्षा तिथं जास्त भरायला हवं होतं. ते तर तरंगत होते.

इथं खरं तर वाद संपतो. पण पोरांचा पुढचा प्रश्न योग्य असतो: मग तरंगतात कशानं?

ओढ संपली म्हणून नव्हे. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची ओढ तिच्या केंद्रापासूनच्या अंतरावर ठरते आणि केंद्र आपल्या पायाखाली ६,३७१ किलोमीटरवर. म्हणजे आपण ६,३७१ वर, स्थानक ६,७७१ वर. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात हिशेब केला की उत्तर येतं ८९ टक्के. गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढ्यानं वाढतो ते, जमिनीवर सेकंदाला ९.८ मीटर तर तिथं ८.७. चारशे किलोमीटर उंच शिडी उभारून तिच्या टोकाला वजनकाटा ठेवला, तर इथं ६० किलो भरणारा माणूस तिथं ५३ किलो भरेल, आणि शिडीवरून पाय घसरला तर खालीच येईल. वर्तमानपत्रंसुद्धा ‘अंतराळातल्या शून्य गुरुत्वाकर्षणात’ असं बिनदिक्कत छापतात, तेव्हा फॉरवर्ड लिहिणाऱ्या एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तरंगण्याचं कारण असं की स्थानक आणि आतली माणसं दोन्ही एकत्र पडत असतात. काटा आपल्याला ओढ दाखवत नाही, पायाखालून मिळणारा आधार दाखवतो. काटाही तुमच्याच बरोबर त्याच त्वरणानं पडू लागला तर तो शून्य दाखवेल, ओढ मात्र होती तेवढीच राहील.

हे बघायला अंतराळात जावं लागत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढा. धार लागते. आता दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती बाटली सरळ सोडून द्या (खाली कोणाची स्कूटर नाही ना, हे बघून) आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. हातातून सुटल्याबरोबर धार थांबते. तो एक सेकंद हवा तीच आहे, पृथ्वीही तीच आहे. बदललं एवढंच की पाणी आणि बाटली बरोबरीनं पडताहेत, त्यामुळं पाण्याचा तळावर भार नाही. माझ्या मते या धड्यासाठी याहून चांगला प्रयोग नाही. पाठ केलेली व्याख्या पोरं विसरतात, थांबलेली धार विसरत नाहीत.

मग स्थानक जमिनीवर का येत नाही? कारण ते आडवं प्रचंड वेगात जातंय. ही कल्पना न्यूटनची: उंच डोंगरावर तोफ ठेवा आणि गोळा आडवा मारा. सुटलेली कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते, मग ती नुसती सोडलेली असो वा आडवी मारलेली. पृथ्वी गोल असल्यानं दर ८ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही सरळ रेषेपासून ५ मीटर खाली वाकतो. म्हणजे गोळा सेकंदाला ८ किलोमीटर गेला, स्वारगेट ते कात्रज अंतराहूनही जास्त, तर तो ५ मीटर पडतो आणि जमीनही ५ मीटर खाली सरकलेली असते. पडणं चालूच, पोहोचणं नाही. चारशे किलोमीटरवर हा वेग थोडा कमी, पावणेआठच्या आसपास लागतो आणि दीड तासात एक प्रदक्षिणा होते. ओढ नसती तर स्थानक फिरलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं.

आणखी एक गंमत. तिथं वरही हवेचा अगदी पुसट अंश असतो आणि तो स्थानकाचा वेग थोडा थोडा खातो. त्यामुळं अधूनमधून इंजिन चालवून त्याला पुन्हा वर उचलावं लागतं. असं उचललं नाही तर काय होतं, ते ज्यांचं बालपण १९७९ साली होतं त्यांना विचारा. त्या जुलैत अमेरिकेचं स्कायलॅब हे अंतराळ स्थानक कोसळणार म्हणून आपल्याकडं केवढी घबराट होती. शेवटी तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. शंभर किलोमीटरच्या वर ओढच नसती, तर चारशेवरून ते खाली आलं कशाला?

आता हवेच्या दाबाकडं. एक मीटर लांब-रुंद टेबलावर पुण्यात हवा साडेनऊ टनांच्या वर भार देते, हा आकडा फॉरवर्डमध्ये छातीठोकपणे दिलाय आणि तो चुकीचा नाही. दिलेलं नाही ते हे, की टेबलाच्या खालच्या बाजूनंही तेवढाच दाब वर असतो. हवा सगळ्या बाजूंनी दाबते, तिला खालची दिशा आवडते असं काही नाही. पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवून पेला उलटा केला तर कार्ड चिकटून राहतं, पाणी सांडत नाही. तिथं हवा वरच ढकलत असते.

उलट हिशेब केला तर खालून येणारा दाब वरच्यापेक्षा किंचित जास्त निघतो. त्यामुळं हवा आपल्याला खाली रेटत नाही, थोडं उचलते. ६० किलोचा माणूस सुमारे ६० लिटर हवा बाजूला सारतो. पुण्यात तेवढ्या हवेचं वस्तुमान ६५ ग्रॅमच्या आसपास. हवा काढून टाकली तर काटा तेवढं जास्त दाखवेल. आणि हवा मुळात दाबते का? तर तिला वजन आहे म्हणून. ते वजन तिला दिलं कोणी?

जड वस्तूचा मुद्दा वर्गात मला सगळ्यात आवडतो, कारण तो अर्धा बरोबर आहे. दहापट वस्तुमानाच्या दगडाला पृथ्वी दहापट जोरानंच ओढते. पण त्याला हलवायलाही दहापट जोर लागतो. मंडईत रिकामी हातगाडी एक जण ढकलतो. तिच्या दहापट वजनाची भरलेली गाडी त्याच त्वरणानं पळवायची तर दहा जण लागतात. घर्षण सोडून द्या, दोन्ही गाड्या बरोबर पळतील. बल दहापट, वस्तुमान दहापट, भागाकार तोच. रस्त्यावर पीस मागं राहतं ते हवेच्या विरोधामुळं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही बरोबरच जमिनीवर टेकली. त्याचं चित्रीकरण आहे.

त्या चित्रीकरणात फॉरवर्डच्या चंद्राच्या मुद्द्याचंही उत्तर आहे: हवा नाही, तरी वस्तू पडताहेत. हळू पडतात, कारण चंद्राचं वस्तुमान कमी आणि तिथं ओढ पृथ्वीच्या साधारण सहावा हिस्सा. उड्या मारणारे अंतराळवीर प्रत्येक उडीनंतर खालीच येत होते. आपलंच उदाहरण हवं असेल तर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर वेग वेळेत आटोक्यात न आल्यानं चंद्रावर आदळला. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रमला अलगद उतरवायला इंजिनं सतत उलटी चालवावी लागली. त्यानंतर काही दिवसांनी इस्रोनं त्याच लँडरला इंजिन पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर वर उचललं आणि तो परत खाली टेकला. ओढ नसती तर त्या उडीनंतर विक्रम आपल्याला दिसलाच नसता.

रॉकेट हवेला रेटत नाही. ते स्वतःच्याच पोटातला वायू प्रचंड वेगानं मागं फेकतं आणि तो वायू रॉकेटला पुढं ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम, त्यात हवेचा संबंध नाही. ही चूक मोठ्यांनीही केलेली आहे. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात रॉकेटवर प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट गोडार्डची टर उडवली होती, की याला निर्वातात रॉकेट चालत नाही एवढं साधं कळत नाही. दुरुस्ती छापली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना.

आणि त्याच अपोलो-११ चं पुढं काय झालं ते बघा. पृथ्वीजवळून निघताना वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या घरात होता. इंजिन बंद, बाहेर हवा नाही. चंद्राची ओढ वरचढ होईपर्यंत तो वेग उतरत उतरत एक किलोमीटरच्याही खाली आला. जात राहायला बळ लागत नाही हे फॉरवर्डचं म्हणणं बरोबर आहे, तो न्यूटनचा पहिला नियमच आहे. पण मंदावायला बळ लागतं. ते बळ पृथ्वीशिवाय दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

राहिला सिंहगड. पुण्यापासून गडाच्या माथ्यापर्यंत चढ साधारण साडेसातशे मीटर. तेवढ्यात हवेचा दाब ८ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ओढ हवेमुळं असती तर ६० किलोच्या माणसाचं वजन गडावर जवळजवळ ५ किलोंनी घटलं असतं, आणि डाएटवाले रोज रांगा लावून गड चढले असते. मुंबईहून आणलेल्या १०० ग्रॅम सोन्यातले ६ ग्रॅम लक्ष्मी रस्त्यावर पोहोचेपर्यंत गायब झाले असते. सराफांनी हे एव्हाना नक्की हेरलं असतं. प्रत्यक्षात अंतर वाढल्यामुळं ६० किलोमागं घट येते ती फार तर १४ ग्रॅम. तुम्हाला हलकं वाटतं ते वाऱ्यामुळं.

पटत नसेल तर मोजा. तराजू नको, कारण त्यात दोन्ही पारडी सारखीच हलकी होतील. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता डिजिटल काटा घ्या. स्वतःचं वजन करू नका, चढताना येणाऱ्या घामानं हिशेब बिघडेल. त्याऐवजी १० किलो तांदळाची सीलबंद पिशवी घ्या. घरी मोजा, मग गाडीरस्त्यानं वर नेऊन परत मोजा. फॉरवर्ड बरोबर असेल तर ८०० ग्रॅमची घट दिसेल, न्यूटन बरोबर असेल तर सुमारे दोन ग्रॅम, जी त्या काट्यावर दिसणारही नाही. जो आकडा येईल तो त्याच ग्रुपवर टाका.