टीप द्यावी की नाही, हे जेवून झाल्यावर ठरवू नये

परदेशी प्रवासातल्या खर्चाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते: "वेटरला पगार देणे हे मालकाचे काम आहे, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा?" तत्त्व म्हणून मला हे पूर्णपणे मान्य आहे. मात्र दुसऱ्यांच्या देशात, पोटभर जेवून झाल्यावर आणि बिल समोर आल्यावर हे तत्त्व आठवणे मला साफ चुकीचे वाटते, कारण त्याची झळ मालकाला मुळीच लागत नाही. ज्याने आपल्याला वाढले त्यालाच ती लागते.

अमेरिकेत हे सर्वांत ठळकपणे दिसते. तेथे केंद्रीय कायद्याने ठरवलेले किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, परंतु ज्यांना टीप मिळते अशा कर्मचाऱ्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी ते कायद्याला चालते, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. बाकीची रक्कम गिऱ्हाइकाकडून येईल, असे त्यात गृहीतच धरलेले आहे. ती आली नाही तर मालकाने भरपाई करायची, पण तीही किमान वेतनापुरतीच. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकांना ही सवलत नाही, तरीही टेबलावर बसून जेवल्यास पंधरा ते वीस टक्के देण्याचा रिवाज तेथेही तसाच आहे. म्हणून अमेरिकेत मेनूकार्डावरची किंमत अपुरी समजावी, तिच्यात विक्रीकर आणि टीप मिळवून पाहावी आणि मगच आत शिरावे. तेवढे परवडत नसेल तर काउंटरवरून खाणे विकत घेऊन बाहेर पडावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

ही पद्धत मोडणे किती अवघड आहे, ते न्यूयॉर्कचे नामवंत रेस्टॉरंट-मालक डॅनी मेयर यांच्या प्रयोगावरून कळते. त्यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टीप हद्दपार करून तिचा भार पदार्थांच्या दरांत घालण्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये टीप पुन्हा सुरू केली. जे खुद्द मालकाला साधले नाही, ते आठवडाभराच्या पाहुण्याने चार डॉलर वाचवून साधेल, असे मला तरी वाटत नाही.

याचा अर्थ सगळीकडे वीस टक्के वाटत सुटावे, असा मुळीच नाही. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या दरातच सेवेचे पैसे धरलेले असणे बंधनकारक आहे. जेवण आवडले तर एखाददुसरा युरो ठेवावा, न ठेवल्यास कोणी वाईट वाटून घेत नाही. इटलीत बिलावर माणशी जी 'कोपेर्तो' लावलेली असते ती टीप नव्हे, टेबलावर बसण्याचे शुल्क असते. ते मेनूवर छापलेले असते, त्यामुळे नंतर त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. ब्रिटनमध्ये बरीच रेस्टॉरंटे साडेबारा टक्के सेवाशुल्क बिलातच जोडतात. ते बहुधा ऐच्छिक असते आणि सांगितल्यास काढूनही टाकतात, पण ऑक्टोबर २०२४ पासून ती रक्कम कर्मचाऱ्यांनाच देण्याचे बंधन कायद्याने घातले असल्यामुळे, सेवा चांगली असताना ते काढायला सांगणे मला पटत नाही. जपानमध्ये तर टीपची प्रथाच नाही. टेबलावर ठेवलेले पैसे आपण विसरलो असे समजून कर्मचारी ते परत द्यायला मागे येऊ शकतात, आणि मग दोन्हीकडचा संकोच विनाकारण वाढतो.

राहता राहिले कार्डाचे यंत्र. बिलात सेवाशुल्क जोडलेले असूनही ते १८, २०, २५ अशी बटणे पुढे करते आणि वेटर समोर उभा असल्यामुळे भिडस्त माणूस मधले बटण दाबून मोकळा होतो. मोठ्या गटाच्या बिलात तर अमेरिकेतही टीप अनेकदा आधीच धरलेली असते. म्हणून यंत्राकडे पाहण्याआधी बिल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे आणि पैसे दोनदा जात असतील तर निःसंकोचपणे 'नाही' दाबावे. नुसता कॉफीचा कप काउंटरवरून हातात दिला म्हणून पुढे केलेल्या पडद्यालाही माझे उत्तर तेच असते.